देवाची वाणी न भिता ऐकणे: सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या बाजूंच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत मेथडिस्ट आहेत, कॅथलिक आहेत, घरगुती प्रार्थनासभांना जाणारे नवे विश्वासीही आहेत. प्रश्न शक्य तितके त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येते. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. कुणी सांगितलेल्या भविष्यवाणीने ज्यांची झोप उडाली आहे त्यांनी आधी प्रश्न १० वाचावा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारे आवाज ज्यांना ऐकू येतात त्यांनी थेट प्रश्न १५ वाचावा.

१. देव आजही बोलतो का? बोलतो तर कसा?

बोलतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची सुरुवातच अशी आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे निरनिराळ्या रीतींनी बोलला आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. म्हणून ऐकायला बसणाऱ्याच्या हातात आधीच काहीतरी असते: येशू काय बोलला, कुणाशी कसा वागला. बाकी सगळे त्याच्या उजेडात ऐकायचे.

रोजच्या जगण्यात ही वाणी बहुधा वाचलेल्या वचनातून येते. एखादी ओळ मनाला धरून ठेवते. त्याखालोखाल प्रार्थनेत, उपदेशात, मंडळीतल्या जाणत्या माणसाच्या सल्ल्यात आणि स्वतःच्या विवेकाच्या टोचणीत. स्वप्ने, दृष्टान्त, कानांना ऐकू येणारा आवाज हे पवित्र शास्त्रात आहे, पण तिथेही ते थोड्यांच्या वाट्याला आणि क्वचित आलेले आहे.

२. साक्ष देणारे म्हणतात, “प्रभू माझ्याशी बोलला.” मला तर कधीच काही ऐकू आलं नाही. माझ्या विश्वासात खोट आहे का?

नाही. “प्रभू बोलला” असे म्हणणाऱ्या बहुतेकांना कानांनी काही ऐकू आलेले नसते. वचन वाचताना किंवा प्रार्थनेत मनाला एखादी गोष्ट लख्ख उमगली, एवढेच त्यांना सांगायचे असते. सवयीने ते थोडक्यात बोलतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपणच मागे राहिलो. शमुवेल देवाच्या मंदिरातच झोपत होता, तरी हाक आली तेव्हा तीन वेळा तो एली याजकाकडे धावला (१ शमुवेल ३). तिन्ही वेळा त्याला कुणी रागावले नाही. देवाने चौथ्यांदा हाक मारली.

३. देव बोलेल या विचारानंच छाती धडधडते. ही भीती कुठून येते?

तिची मुळे बरीच असतात आणि आपले कोणते ते ओळखले की निम्मे काम होते. काही घरांत लहानपणापासून “देव बघतोय, शिक्षा करेल” हे वाक्य मूल गप्प बसवायला वापरले जाते. मोठेपणी देवाचे नाव निघाले की तेच वाक्य आधी आठवते. ज्यांच्या घरी पूर्वी देवीचा कोप, करणी, बाधा यांची धास्ती होती त्यांची भीती बाप्तिस्म्याच्या पाण्यात आपोआप धुऊन जात नाही. ती नव्या नावाने राहते आणि “पवित्र आत्मा कोपेल” असे म्हणू लागते. काहींच्या मंडळीत प्रत्येक उपदेश धमकीवर संपतो. आणि काही वेळा कारण अगदी साधे असते: एक गोष्ट आपण जाणूनबुजून टाळतो आहोत, तिचा विषय निघेल म्हणून ऐकायचेच नसते.

शास्त्रात ही भीती फार जुनी आहे. एदेन बागेत आदाम म्हणतो, तुझा आवाज ऐकला, भ्यालो, लपलो (उत्पत्ती ३:१०). आणि देव त्याला शोधत आलेला असतो. सीनाय डोंगरापाशी लोक मोशेला म्हणाले, तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरू. मोशेचे उत्तर नीट वाचण्यासारखे आहे (निर्गम २०:२०). तो एकाच दमात म्हणतो की भिऊ नका, आणि देवाचे भय तुमच्यापुढे राहावे म्हणून हे घडले आहे. म्हणजे परमेश्वराचे भय आणि ही दहशत या निराळ्या गोष्टी आहेत. परमेश्वराचे भय माणसाला पापापासून मागे ओढते आणि देवाच्या जवळ ठेवते. दहशत त्याला देवापासूनच लपायला लावते. देवाजवळ गेल्यावर पाप सोडावेसे वाटत असेल तर त्या भयाला घाबरू नका. प्रार्थनाच टाळावीशी वाटत असेल तर ती दहशत आहे, आणि तिच्याबद्दल १ योहान ४:१८ स्पष्ट आहे: पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते.

जाता जाता: “भिऊ नको” हे बायबलमध्ये ३६५ वेळा, दिवसाला एक, असा संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतो. मोजणी तेवढी भरत नाही. तसे असण्याची गरजही नाही. लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतच जखऱ्या, मरीया आणि मेंढपाळ या तिघांनाही दूत तेच सांगतो.

४. हा देवाचा आवाज, हे माझं मन आणि हा सैतान, हे कसं ओळखायचं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. एका खुणेवर निकाल लावू नका; पुढच्या सगळ्या कसोट्या एकत्र लावा, आणि शक्यतो कागदावर.

आधी मनात आलेली गोष्ट एका वाक्यात लिहा. पुष्कळ धुसर भीती इथेच विरघळते, कारण तिचे वाक्यच होत नाही. मग ते वाक्य शास्त्राशी ताडून पाहा, पण एका सुट्या ओवीशी नव्हे. सैतानानेही येशूला मोहात पाडताना ९१ वे स्तोत्रच म्हणून दाखवले होते (मत्तय ४:६). येशूने त्याला शास्त्राचेच दुसरे वचन दिले. वचनाच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचल्याशिवाय निर्णय नको.

पुढे पाहायचा तो नेमकेपणा. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा बोट एका गोष्टीवर असते: काल भावाशी खोटे बोललास, जा आणि मिटव. आरोप करणारा मोघम बोलतो: तू वाईटच आहेस, तुझे काही खरे नाही. पहिल्या बोलण्यात पुढची वाट असते, दुसऱ्यात नसते. पौल २ करिंथ ७:१० मध्ये देवाला आवडणारे दुःख आणि जगाचे दुःख असा हाच भेद करतो. पेत्र आणि यहूदा, दोघांनाही आपल्या कृत्याचा पस्तावा झाला. पेत्राला त्याने पुन्हा प्रभूजवळ आणले, यहूदाला एकटे पाडले.

मग सूर तपासा. याकोब ३:१७ मध्ये वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे दिली आहेत: शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत पटण्याजोगे, दयेने भरलेले. “आत्ताच्या आत्ता कर, कुणाला विचारू नकोस, नाहीतर बघ” असा आवाज या ओवीत बसत नाही. घाई आणि गुप्तता एकत्र आली की थांबलेच पाहिजे.

स्वतःचे मन ओळखायला एक प्रश्न पुरतो: देवाने याच्या अगदी उलट सांगितले तर ते मला चालेल का? चालणार नसेल तर आपण ऐकत नसून मंजुरी मागत आहोत. तरी आपली इच्छा म्हणजे पाप असे समजू नका. ती देवापुढे उघड मांडा. येशूनेही गेथशेमाने बागेत आधी स्वतःची इच्छा सांगितली आणि मग पित्याची मागितली.

असे तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे. आत्म्यांची परीक्षा करा ही आज्ञाच आहे (१ योहान ४:१). मरीयेने दूताला “हे कसे होईल?” असे विचारले, आणि तिला रागाने नाही, समजावून उत्तर मिळाले.

५. रोज ऐकायची सवय लावायची तर नेमकं काय करायचं?

वीस मिनिटे पुरतात. नवीन माणसाने पहिल्या दिवशी तासभर बसू नये. चौथ्या दिवशी सुटते. वेळ अशी निवडा की घरातले कुणी हाक मारणार नाही. ऊसतोडीच्या दिवसांत किंवा फाउंड्रीत पहिली पाळी असेल तर सकाळचा हट्ट सोडा आणि रात्रीच्या जेवणाआधी बसा.

मार्कपासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत. रोज दहा-बारा ओव्या घेतल्या तर साधारण दोन महिने लागतात. बसल्यावर दोन मिनिटे काहीच करू नका, श्वास शांत होऊ द्या. एलीने शमुवेलाला शिकवलेले वाक्य म्हणा: बोल, तुझा दास ऐकत आहे. उतारा सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात जो शब्द अडेल त्याच्यापाशी थांबा आणि विचारा, यात देव कसा दिसतो आणि आज मला काय करायचे आहे. त्यावर देवाशी साध्या बोलीत बोला. नंतर तीन ते पाच मिनिटे गप्प. शेवटी वहीत तारीख घालून दोनच ओळी लिहा. वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत राहणे या चार पायऱ्या बाराव्या शतकातल्या गुइगो नावाच्या मठवासीयाने अशाच क्रमाने मांडल्या. कॅथलिक मंडळींना त्या लेक्शिओ दिव्हिना म्हणून परिचित असतील.

बिघडते कुठे? मोबाइलवर वाचताना मध्येच संदेश येतो, म्हणून छापील प्रत घ्या. झोप येते, म्हणून खाटेवर न बसता जमिनीवर किंवा खुर्चीत बसा. आणि मुख्य म्हणजे लोक अंगावर शहारा येण्याची वाट पाहतात. तो आला तरी ठीक, नाही आला तरी ठीक. शहाऱ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. महिन्याच्या अखेरीस वही उलटी वाचत या. एकच गोष्ट तीन-चार वेगवेगळ्या उताऱ्यांतून पुढे आली असेल तर ती लक्ष देण्याजोगी. एकट्या दिवसाच्या नोंदीपेक्षा हे जास्त भरवशाचे असते.

६. गप्प बसलं की मनात घाणेरडे, भलते विचार येतात. मग बसूच नये का?

बसावे. दिवसभराच्या आवाजात दबलेले शांततेत वर येते, एवढेच त्याचे कारण. विचार येणे आणि त्याला संमती देणे यांत फरक आहे. येशूच्याही पुढे मोह ठेवले गेले, त्याने पाप केले नाही. विचाराशी झटापट करू नका, त्याची माफी दहादा मागू नका. कामाची आठवण असेल तर कागदावर टिपून ठेवा, नकोसा विचार असेल तर सोडून द्या आणि उताऱ्यातला शब्द पुन्हा म्हणा. एका बैठकीत असे वीस वेळा परत यावे लागले तरी ती बैठक वाया गेलेली नाही. हे विचार दिवसभर पिच्छा सोडत नसतील तर प्रश्न १४ पाहा.

७. आमच्या चर्चमध्ये उपासना कन्नडमध्ये होते. घरी मराठी. देवाचं ऐकायचं तर कुठल्या भाषेत बसायचं?

ज्या भाषेत तुम्ही रडता आणि हिशेब करता, त्या भाषेत. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकले (प्रेषितांची कृत्ये २:८). बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनचे काम सुरू झाले, तेव्हापासून इथल्या मंडळ्यांना एकापेक्षा जास्त भाषांची सवय आहे. त्यात कुणी कमी-जास्त नाही.

अडचण व्यवहाराची असते. उपदेश कन्नडमध्ये ऐकला आणि अर्धाच कळला तर राहिलेला अर्धा मन भीतीने भरून काढते, विशेषतः न्यायाचा विषय असेल तेव्हा. म्हणून उताऱ्याचा अध्याय आणि ओवी टिपून घ्या आणि त्याच संध्याकाळी मराठीत वाचा. मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरींनी छापला, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून साध्या मराठीत केलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये आले. आज बाजारात सोप्या भाषेतल्या प्रतीही मिळतात. मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात असतील तर कुटुंब प्रार्थनेत एकच उतारा दोन भाषांत वाचावा. आजीला आणि नातवाला दोघांनाही कळेल.

८. बायबल उघडून बोट ठेवायचं, जे वचन येईल ते देवाचं उत्तर. हे चालतं का? थर्टी फर्स्टच्या रात्री मिळणारी वचनाची चिठ्ठी?

निर्णयासाठी नको. बोट पडण्यावर भरवसा ठेवला की मनासारखे आले नाही म्हणून माणूस पुन्हा उघडतो, पुन्हा उघडतो, आणि भयंकर ओवी आली की आठवडाभर धास्तावतो. ऑगस्टीनने ३८६ साली मिलानमध्ये असेच पुस्तक उघडले आणि रोमकरांस १३ ने त्याचे आयुष्य पालटले, हे खरे आहे. पण त्याआधी तो दीर्घकाळ शास्त्र ऐकत आणि स्वतःशी झगडत होता, आणि त्याने वाचलेली ओवी त्याला आधीच ठाऊक असलेल्या पापाबद्दल होती.

वर्षअखेरच्या चिठ्ठीत गैर काही नाही. तिच्याकडे वर्षाचे भाकीत म्हणून पाहू नका. घरी जाऊन तो पूर्ण अध्याय वाचा. बहुतेकांना मिळणारे यिर्मया २९:११ घ्या. आशेचे आणि कल्याणाचे ते वचन बाबेलात नेलेल्या कैद्यांना आहे आणि त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षे थांबायचे आहे. हे कळले की ते वचन लहान होत नाही, उलट कठीण वर्षातही टिकते.

गिदोनाच्या लोकरीबद्दलही लोक विचारतात (शास्ते ६). गिदोनाला काय करायचे ते आधीच स्पष्ट सांगितले होते. लोकर त्याच्या शंकेपायी होती आणि देवाने ती सहन केली. कौल लावून उजवे-डावे पाहायची सवय ज्या घरांतून सुटली आहे, तिथे खुणा मागणे पुन्हा सुरू करू नये हे बरे. प्रेषितांनी मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या, पण पवित्र आत्मा आल्यानंतर निर्णयासाठी चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख नव्या करारात नाही.

९. आमच्यात पूर्वी अंगात यायचं. पवित्र आत्मा बोलतो तेव्हाही तसंच भान जातं का? मला त्याचीच भीती वाटते.

भान जात नाही. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असे पौल लिहितो (१ करिंथ १४:३२). बोलणारा थांबू शकतो, दुसऱ्याला वाट देऊ शकतो, आणि त्या अध्यायात त्याने तसे करावे असे सांगितलेही आहे. आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन आहे, म्हणजे स्वतःवरचा ताबा (गलती ५:२३). रडू येणे, गुडघे टेकावेसे वाटणे हे होऊ शकते. पण तुमचे तोंड, हात, शुद्ध तुमच्याकडून काढून घेतली जाणार नाही. सभेत आपोआप काही होऊ लागले आणि नकोसे वाटले तर डोळे उघडा, बाहेर येऊन पाणी प्या. देव त्याने नाराज होत नाही. ज्या नातेवाइकांत अजून ही परंपरा आहे त्यांचा अपमान करू नका, त्यांना भिऊही नका.

१०. सभेत एकानं “प्रभू म्हणतो” म्हणून माझ्या घरात मृत्यू होणार असं सांगितलं. तेव्हापासून झोप नाही. काय करू?

आधी हे लक्षात घ्या की असा संदेश जसाच्या तसा स्वीकारण्याचे बंधन तुमच्यावर नाही. १ करिंथ १४ मध्ये दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी असा नियम आहे (ओवी २९), आणि बोलण्याचा हेतू तिसऱ्या ओवीत दिला आहे: उन्नती, उत्तेजन, सांत्वन. घाबरवून सोडून दिले आणि पुढे काय करायचे ते सांगितले नाही, तर तो संदेश या मापात बसत नाही. अनुवाद १८:२२ तर उघड सांगते की बोललेले घडले नाही तर तो संदेष्टा उर्मटपणे बोलला, त्याला भिऊ नका. उलट बाजूही आहे: एखादे भाकीत खरे ठरले म्हणून बोलणारा खरा ठरत नाही (अनुवाद १३:१-३). यिर्मया २३ वा अध्याय पूर्ण वाचा. मनचे दृष्टान्त प्रभूचे म्हणून सांगणाऱ्यांवर देवाचा राग किती आहे ते कळेल.

आता करायचे काय. त्या माणसाला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका आणि पैसे तर अजिबात नाही. “संकट टळावे” म्हणून खास प्रार्थनेचा दर, तेलाची बाटली, रुमाल असे काही पुढे आले की विषय संपला. पैशासाठी भविष्य सांगणाऱ्यांना मीखाने (३:११) फटकारले आहे. नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण भीतीत ते रोज वाढतात. आपल्या पाळकांना, फादरना किंवा मंडळीतल्या दोन वडीलजनांना कागद दाखवा. घरातल्या आजारी किंवा वयस्कर माणसाला सांगू नका. रात्री स्तोत्र ९१ नाहीतर १२१ मोठ्याने वाचून झोपा. ज्या गटातून असे संदेश सारखे येतात तो व्हॉट्सअॅप गट बंद करायला परवानगी लागत नाही.

एक अवघड प्रसंगही शास्त्रात आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाला यरुशलेमेत अटक होईल असे सांगितले (कृत्ये २१), आणि ते बरोबर होते. सोबतच्यांनी त्यावरून ठरवले की पौलाने जाऊ नये. पौल गेला. म्हणजे खरी पूर्वसूचनासुद्धा हुकूम नसते. तिचे काय करायचे ते ज्याचे त्याने देवापुढे ठरवायचे असते.

११. आमचे पाळकसाहेब म्हणतात, “देवानं मला सांगितलंय, तू हिच्याशीच लग्न कर.” नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल का?

होणार नाही. १ करिंथ ७:३९ विधवेबद्दल म्हणते की तिला पाहिजे त्याच्याशी, फक्त प्रभूमध्ये, लग्न करायला ती मोकळी आहे. जोडीदाराबद्दल देव दोघांशी बोलेल, तिसऱ्याशीच बोलून थांबणार नाही. पाळकांचा सल्ला आदराने ऐका, स्थळ पाहा, आणि मन नसेल तर नम्रपणे सांगा: “साहेब, मी प्रार्थना केली, मला तसं वाटत नाही.” वडिलांच्या दबावाला देवाचे नाव दिले जाते तिथेही हेच उत्तर.

जमीन किंवा सोने मंडळीला द्यायला सांगितले जाते तेव्हा कृत्ये ५:४ वाचा. पेत्र हनन्याला म्हणतो, जमीन होती तोवर ती तुझीच नव्हती काय, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती नव्हता काय? दोष खोटे बोलण्याचा होता. दान आपखुशीचे असते, आणि घरच्यांच्या सह्या लागणारी मालमत्ता एका सभेच्या भरात लिहून द्यायची नसते.

बोलणारा वयाने, मानाने मोठा असला तरी तपासायचेच. १ राजे १३ मध्ये एक म्हातारा संदेष्टा “देवदूताने सांगितले” असे खोटे सांगतो आणि तरुण संदेष्टा स्वतःला मिळालेली स्पष्ट आज्ञा सोडून त्याच्या मागे जातो. फार महागात पडते. दुसरीकडे, नाथान संदेष्ट्याने दावीदाला मंदिर बांधायला भरभर होकार दिला आणि त्याच रात्री देवाने त्याला दुरुस्त केले (२ शमुवेल ७). नाथान सकाळी जाऊन आपले बोलणे बदलतो. ज्या पाळकाला असे करता येते त्याच्या सल्ल्याचे वजन आमच्या मते जास्त.

१२. नोकरीसाठी पुणे की गोवा, की इथंच राहू? देव स्पष्ट सांगत नाही. किती थांबायचं?

निर्णयाची तारीख ठरवा आणि तोपर्यंत थांबा. दोन्ही ठिकाणचा पगार, भाडे, घरच्या म्हाताऱ्यांचे कोण पाहील, तिथे मंडळी आहे का, हे सगळे लिहा; माहिती गोळा करणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे. तुम्हाला ओळखणाऱ्या आणि तुमच्या जाण्या-राहण्यात स्वतःचा फायदा नसलेल्या दोघा-तिघांना विचारा. मग एक पर्याय मनात धरून दोन-तीन दिवस जगा, नंतर दुसरा, आणि कोणत्या दिवसांत प्रार्थना मोकळी झाली ते नोंदवा.

तारीख आली आणि दोन्ही वाटा चांगल्या, पापाची कुठलीच नाही, तर निवडा आणि चालू लागा. देवाची इच्छा एका नोकरीत दडवलेली असते आणि चुकली की आयुष्य वाया, ही कल्पना शास्त्रातली नाही. पौलाला आसिया आणि बिथुनिया दोन्हीकडे अडवले गेले, मग मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसला (कृत्ये १६). फिलिप्पैला पोहोचल्यावर भेटली ती नदीकाठची लुदिया, आणि पुढे तुरुंग. दिशा बरोबर होती; तपशील चालता चालता उलगडले. म्हणून पहिल्याच महिन्यात त्रास झाला तर “चुकलो” असे ठरवू नका.

मात्र भीतीच्या किंवा रागाच्या भरात ठरवू नका. पाऊस पडून गेला की काळ्या रानात लगेच औत घालत नाहीत, वाफसा येईपर्यंत थांबतात. मनाचेही तसेच करा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा नियमही हाच आहे: मन खिन्न असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

१३. महिनोन् महिने देव गप्प आहे. मी काही पाप केलंय का?

ठाऊक असलेले पाप असेल तर कबूल करा आणि सोडा. ठाऊक नसेल तर खणत बसू नका. दाखवायचे असेल तर देव नेमके दाखवेल (प्रश्न ४). अब्राहाम ८६ वर्षांचा असताना इश्माएल जन्मला, आणि देवाने पुढचे बोलणे केले तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. मधल्या तेरा वर्षांत देव बोलल्याची नोंद नाही, आणि शिक्षेचीही नाही. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते प्रार्थनापुस्तकात ठेवले आहे.

अशा काळात शेवटचे जे स्पष्ट कळले होते तेच करत राहा. वाचन निम्मे करा, बंद करू नका. आणि शरीराकडे पाहा. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोपू दिले, दोनदा जेवू घातले, आणि मग होरेबवर वारा, भूकंप, अग्नी यांच्यानंतर मंद वाणीने विचारले (१ राजे १९). झोप कमी, रक्त कमी, थायरॉइड, बाळंतपणानंतरची उदासी यांनीही प्रार्थना कोरडी पडते. उपवास वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये. जेवणाऐवजी मोबाइल किंवा टीव्ही सोडला तरी चालतो.

१४. माझ्याकडून पवित्र आत्म्याची निंदा झाली असेल, आता क्षमा नाही, असं सारखं वाटतं.

मार्क ३:२८-३० पाहा. येशू हे बोलला त्याचे कारण तिथेच दिले आहे: शास्त्री डोळ्यांदेखत होणारे त्याचे काम पाहून ते अशुद्ध आत्म्याचे आहे म्हणत होते आणि त्यावर ठाम होते. मनात नकळत आलेला शब्द, लहानपणी केलेली टिंगल, आजारपणातली बडबड म्हणजे ते नव्हे. आपण देवाला मुकलो का म्हणून जो तळमळतो त्याने पाठ फिरवलेली नाही.

तरी विचार जात नसेल तर खात्री करून घेण्याची साखळी तोडा. एकदा कबुली द्या. कॅथलिक असाल तर एकाच फादरांकडे, आणि तेच पाप पुन्हा सांगू नका. इंटरनेटवर उत्तर शोधणे थांबवा, कारण दर वेळी मिळणारा दिलासा तासाभराचा असतो आणि शंका आणखी घट्ट होते. दिवसाचा तासभर किंवा अधिक वेळ यातच जात असेल, प्रार्थना “बरोबर” होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणावी लागत असेल, तर तो विचारांच्या सक्तीचा आजार असू शकतो. त्यावर औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत.

१५. मला खरोखर आवाज ऐकू येतात. डॉक्टरकडे जायचं की प्रार्थनेला?

दोन्हीकडे, आणि डॉक्टरकडे जाण्यात उशीर नको. झोप लागता-लागता किंवा उठताना कुणी नाव घेतल्यासारखे वाटणे, घरात मृत्यू झाल्यावर काही दिवस त्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटणे हे पुष्कळांना होते आणि बहुधा आपोआप थांबते. पण आवाज दिवसा, जागेपणी, वारंवार येत असतील, शिव्या देत असतील, तुमच्या हालचालींवर बोलत असतील, बरोबरीने झोप उडाली असेल, लोक आपल्यावर टपलेत असे वाटत असेल, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. बेळगावात बिम्स जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याचीच संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. स्वतःला किंवा मुलांना इजा कर असे आवाज सांगत असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. असा हुकूम ख्रिस्ताचा नसतो, त्यात तपासण्यासारखे काही नाही.

चालू गोळ्या “विश्वासाने” बंद करायला सांगणाऱ्याचे ऐकू नका. आणि अशा माणसाला मारहाण, कोंडून ठेवणे, जबरदस्तीचा उपवास हे कुणाच्याही नावाने होऊ देऊ नका.

१६. मेलेले वडील स्वप्नात येऊन काहीतरी मागतात. द्यावं लागतं का?

लागत नाही. उपदेशक ५:३ म्हणते की कामाच्या व्यापाने स्वप्ने पडतात. दुःख, ताप, रात्री उशिराचे जेवण, नवी औषधे यांनीही पडतात. मरीयेचा पती योसेफ याला देवाने स्वप्नांतून वाट दाखवली, पण त्या स्वप्नांत एका बाळाचा जीव वाचवायचे स्पष्ट काम होते. मेलेल्याची बाकी फेडायला देव कुणाला उठवत नाही. कॅथलिक कुटुंबे मृतांसाठी मिस्सा सांगतात, प्रॉटेस्टंट मंडळ्या तसे करत नाहीत. पण ते प्रेमाने करायचे, भीतीने नव्हे, यावर दोघांचेही एकमत होईल. वडिलांचे खरेच काही द्यायचे राहिले असेल, कुणाचे उसने पैसे किंवा बहिणीचा वाटा, तर तो देऊन टाका. त्यासाठी स्वप्नाची गरज नव्हती.

१७. मुलांना देवाचं ऐकायला शिकवायचं, पण भीती घालायची नाही. कसं?

एलीसारखे. हाक देवाची आहे हे तिसऱ्या वेळी उमगल्यावर त्याने शमुवेलाला “काही नाही, झोप” म्हणून उडवून लावले नाही, आणि “देव काय म्हणाला ते मी सांगतो” असेही केले नाही. एक वाक्य शिकवले आणि परत पाठवले. पाच मिनिटांची गोष्ट वाचा, “येशू यात कसा वाटला?” एवढाच प्रश्न विचारा, आणि मुलाचे उत्तर दुरुस्त करायची घाई करू नका. अभ्यास करत नाही, जेवत नाही म्हणून देवाचे नाव घेऊन दटावू नका. रात्री घाबरलेल्या मुलाला आधी जवळ घ्या, प्रार्थना नंतर.

१८. तपासायला वेळच नसेल तर? समोर अपघात झालाय, शेजारीण मार खातेय, अशा वेळी?

तिथे वाणीची वाट पाहायची नसते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आधीच दिलेली आहे, आणि चांगले करणे कळत असून न करणे हे पाप आहे असे याकोब ४:१७ सांगते. चांगल्या शोमरोन्याने प्रार्थनेला थांबल्याचा उल्लेख येशूच्या दाखल्यात नाही. तो जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो. ११२ ला फोन लावा, चार माणसे बोलवा, दार वाजवा. वही, तारीख, वडीलजनांचा सल्ला हे सगळे त्या निर्णयांसाठी आहे ज्यांना उद्यापर्यंत थांबता येते.